नोकरी सोडल्याचा दाखला

यंदा दिवाळीच्या फराळाला आलेले एक गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "काका, एक्स्पिरियन्स लेटर ही आमची गुडविल असते. द्यायचं की नाही, ते आम्ही ठरवणार." हे गृहस्थ हैदराबादच्या गच्चीबावलीतल्या एका कंपनीत एचआरचे मोठे अधिकारी आहेत, आमच्या जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव आहेत आणि स्वभावाने मृदू आहेत. घर माणसांनी भरलेलं होतं, सणाचा दिवस होता, मी गप्प बसलो. पण ते वाक्य मनातून जाईना. त्यांनी ते चिडून म्हटलं नव्हतं. पाणी उताराकडे वाहतं असं सांगावं तितक्या सहजपणे म्हटलं होतं. समोर तिशीच्या आतली चार पोरं बसली होती, चौघंही आयटीत नोकरी करणारी. त्यांच्यापैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. मला खरं दुःख झालं ते त्याचं.

मी बालानगरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढली. हजेरीपट, रजेचा हिशेब, ओव्हरटाइम, पीएफचे फॉर्म, आणि माणूस नोकरी सोडून निघाला की त्याचं सर्व्हिस सर्टिफिकेट. अशी शेकडो सर्टिफिकेटं मी स्वतः टाइप केली आहेत. मसुदा ठरलेला असे. वर 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न', खाली नाव, तिकीट नंबर, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत. तारखा मस्टरवरून काढायच्या आणि दुसऱ्या कारकुनाला मोठ्याने वाचून दाखवायच्या, कारण एक आकडा चुकला तर त्या माणसाचं अख्खं वर्ष कागदावरून पुसलं जायचं. शिक्का असा मारायचा की निम्मा सहीवर यावा. आमच्या पर्सोनेल ऑफिसरांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की माणूस शेवटच्या दिवशी गेटाबाहेर पडेल तेव्हा हिशेब आणि सर्टिफिकेट दोन्ही त्याच्या खिशात असलं पाहिजे.

एकदा एका टर्नरला बडतर्फ केलं. युनियनचा माणूस, तोंडाने फटकळ, वर्क्स मॅनेजरशी हातघाईवर आला होता. रीतसर चौकशी झाली, आरोप सिद्ध झाला, नोकरी गेली. मॅनेजर म्हणाले, याला कसलाही कागद द्यायचा नाही. आमच्या पर्सोनेल साहेबांनी कपाटातून स्थायी आदेशांचं पुस्तक काढलं आणि सोळाव्या कलमावर बोट ठेवलं. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली केंद्राने जे नमुना आदेश घालून दिले, त्यांतलं हे कलम एका वाक्याचं होतं. बडतर्फ झालेला असो, कमी केलेला असो की निवृत्त झालेला असो, प्रत्येक कायम कामगाराला नोकरी संपताना सर्व्हिस सर्टिफिकेट मिळण्याचा हक्क होता. त्या यादीत बडतर्फीचं नाव पहिलं होतं. मी त्या दिवशी त्या टर्नरचं सर्टिफिकेट टाइप केलं. त्यात स्तुती नव्हती आणि निंदाही नव्हती. तो अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे टर्नर होता, एवढंच होतं. खरंही तेवढंच होतं.

आमच्या फराळाच्या पाहुण्यांची पहिली गफलत इथेच आहे. ते शिफारस आणि दाखला यांना एकच समजतात. शिफारस म्हणजे माझं मत. एखाद्याबद्दल मला चांगलं वाटतं आणि ते मी दुसऱ्याला सांगतो. ते माझ्यावर कुणी लादू शकत नाही आणि लादूही नये. मनात नसताना लिहिलेली शिफारस घेणाऱ्याला फसवते. शिफारस द्यायला नकार देणाऱ्या मालकाशी माझं काही भांडण नाही, त्या शब्दाला गुडविल म्हणायलाही माझी हरकत नाही. पण दाखला हे मत नसतं. ती घडलेल्या गोष्टीची नोंद असते. तीन वर्षांहून जास्त एक मुलगी तुमच्याकडे रोज आली, तिने काम केलं, त्याचे पैसे तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाकडून घेतले. हे घडलं. ते घडलं असं लिहून देण्यात मेहेरबानी कसली? बँकेत भरलेल्या पैशाची पावती देताना कॅशियर आपल्याला उपकृत करतो का?

ही मुलगी मी कल्पनेतून आणलेली नाही. माझ्या धाकट्या भावाची लेक, लातूरची. इंजिनिअर होऊन इथे आली. मियापूरला तिघी मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची, अमीरपेटला मेट्रो बदलून हायटेक सिटीला जायची. तीन वर्षं चार महिने तिने एका मध्यम आकाराच्या कंपनीत काढले. दुसरीकडे चांगली ऑफर आली तेव्हा राजीनामा दिला आणि नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केली. केटी म्हणतात ते, हातातलं काम दुसऱ्याला समजावून देणं, केलं. लॅपटॉप, ओळखपत्र, हेडफोन परत केले, नो ड्यूजच्या फॉर्मवर चार खात्यांच्या सह्या घेतल्या. मॅनेजरची इच्छा होती की तिने सॉफ्टवेअरचं रिलीज होईपर्यंत आणखी दोन महिने थांबावं. नव्या कंपनीची तारीख ठरलेली होती, ती थांबू शकली नाही. मॅनेजरने पोर्टलवर तिचं एक्झिट मंजूरच केलं नाही. ते 'पेंडिंग' राहिलं. तिने अकरा मेल लिहिले. उत्तर एकदाच आलं, 'विल चेक अँड रिव्हर्ट'.

नव्या कंपनीने पडताळणीचं काम एका एजन्सीला दिलं होतं. एजन्सीने जुन्या कंपनीला तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर नाही. मग अहवालात तिच्या नावापुढे पिवळा रंग आला, 'पडताळणी होऊ शकली नाही'. रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि तिसऱ्यांदा ऑफरच मागे घेतली गेली. तिने मियापूरचा फ्लॅट सोडला आणि लातूरला परत गेली. भाऊ फोनवर पहिले दोन महिने रोज विचारायचा, "काही आलं का गं?" नंतर त्यानेही विचारणं सोडलं. सात महिन्यांनी एक पीडीएफ आली. दोन ओळी. नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत.

आता त्या गृहस्थांचा पहिला मुद्दा घेतो. आम्ही कुणाबद्दल वाईट बोलत नाही, फक्त बोलत नाही, आणि न बोलण्याचा हक्क सगळ्यांना असतो, असं ते म्हणतात. माझ्या काळात हे काही अंशी खरं होतं. मालक गप्प राहिला तर कामगार दुसऱ्या गेटवर जाऊन हात चालवून दाखवायचा. लेथवर एक जॉब काढून दाखवला की फोरमनला कळायचं गडी किती पाण्यात आहे. आज तसं राहिलेलं नाही. पडताळणीच्या फॉर्ममध्ये रकाने असतात. नोकरीचा काळ, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, एक्झिटच्या औपचारिकता पूर्ण झाल्या का, आणि शेवटी, या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का? यातला एकही रकाना कोरा सोडला की तो कोरा राहत नाही. एजन्सीचा माणूस तिथे रंग भरतो, आणि हिरवा सोडून कोणताही रंग उमेदवाराच्या विरुद्ध जातो. कंपनीला हे माहीत असतं, कारण तीसुद्धा नवी माणसं घेताना हाच अहवाल वाचते, याच रंगांवरून लोकांना परत पाठवते. दुसऱ्यांच्या दाखल्याशिवाय आपण कुणाला आत घेणार नाही आणि आपला दाखला मात्र मर्जीवर ठेवणार, ही कुठली नीती?

नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली ती याच धंद्याच्या गरजेपोटी. माणसाचं शिक्षण, नोकऱ्या, ओळख एका जागी नोंदवलेली असावी, खोटेपणा चालू नये, म्हणून. त्या उद्योगाला पडताळणी हवी आहे, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. मग त्या पडताळणीला उत्तर देणं हे त्याच व्यवहाराचं दुसरं अंग झालं.

त्यांचा दुसरा मुद्दा भीतीचा होता. काही लिहून दिलं आणि उद्या कुणी कोर्टात खेचलं तर? अमेरिकेतल्या कंपन्यांत याच भीतीने फक्त तारखा आणि हुद्दा सांगायची पद्धत रूढ झाली, आपल्याकडच्या कंपन्यांनी ती तिथून उचलली, आणि उचलताना तारखा आणि हुद्दाही गाळून टाकला! मूळ पद्धतीत निदान तेवढं तरी मिळतं. राहिला कोर्टाचा प्रश्न. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे. १८६० च्या दंड संहितेतल्या ४९९ व्या कलमाचे अपवाद त्यात उतरले आहेत. समोरच्याच्या हितासाठी सद्‌भावनेने दिलेली सावधगिरीची सूचना त्या अपवादांत बसते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्‌भावनेने केलेलं विधानही बसतं. म्हणजे प्रामाणिकपणे 'हा माणूस वेळ पाळत नसे' असं लिहिणाऱ्याला कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच छत्र दिलं आहे. आणि आपण तर नुसत्या तारखांबद्दल बोलतो आहोत. खऱ्या तारखेने कुणाची बदनामी होते?

इंग्लंडमधला स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स हा खटला या बाबतीत सारखा पुढे केला जातो. १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा निकाल दिला. विमा विकणाऱ्या एका माणसाबद्दल जुन्या कंपनीने नव्या कंपनीला इतका वाईट अहवाल दिला होता की त्याला त्या धंद्यात जागा मिळणं मुश्कील झालं. न्यायाधीशांनी म्हटलं की संदर्भ देताना मालकाने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, निष्काळजीपणे लिहिलं तर तो नुकसानभरपाईला जबाबदार. आमचे एचआरवाले या निकालातून 'म्हणजे लिहूच नका' एवढंच घेतात. त्यात लिहिण्याला मनाई कुठेच नाही, काळजी घ्या असं म्हटलं आहे. आमचे साहेब मस्टरवरून तारखा दोनदा पडताळायला लावत, ती हीच काळजी होती.

तिसरा मुद्दा ऐकायला सगळ्यात वजनदार. हैदराबादेत खोट्या अनुभवपत्रांचा बाजार आहे, म्हणून आम्ही हात आखडता घेतो. बाजार आहे हे खरं. अमीरपेटच्या मैत्रीवनमपाशी उभं राहिलं की डोक्यावर कोर्सच्या पाट्या दिसतात. तिथे प्रामाणिकपणे शिकवणारे शेकडो लोक आहेत, त्यांच्या जिवावर जिल्ह्याजिल्ह्यातली गरीब मुलं अमेरिकेपर्यंत पोचली. त्याच गल्ल्यांच्या आडोशाने खोटी अनुभवपत्रं विकणारेही बसतात आणि पोलिसांनी अशा टोळ्या वेळोवेळी पकडल्या आहेत. पण हा रोग वाढतो कशाने, याचा विचार कुणी करतं का? ज्याने तीन वर्षं खरोखर काम केलं त्याला खरा कागद मिळत नाही, आणि ज्याने एक दिवसही केलं नाही त्याला पैसे टाकून मिळतो. माझ्या पुतणीला त्या सात महिन्यांत एका 'कन्सल्टन्सी'चा फोन आला होता. ते तिची तीन वर्षं दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या नावावर दाखवून द्यायला तयार होते, एजन्सीचा फोन आला तर उचलायला माणूससुद्धा त्यांचा. तिने नकार दिला. पण जिने नोकरी केली होती तिच्यावर खोट्या कागदाचा मोह टाळण्याची पाळी आणली कुणी? खऱ्या नाण्याची टंचाई केली की खोटं नाणं चालतं. खोटी पत्रं थांबवायची असतील तर मागेल त्या दिवशी खरं पत्र द्या आणि पडताळणीच्या मेलला उत्तर द्या. एवढं केलं तरी निम्मा बाजार उठेल.

यानंतर ते जे म्हणाले ते मात्र मनातलं होतं. "काका, ही पोरं नोटीस न देता पळतात. थोडा धाक नको का?"

पळतात, मान्य आहे. काही मुलं सकाळी लॅपटॉप कुरियर करून संध्याकाळी दुसरीकडे रुजू होतात. मागे राहिलेल्या चौघांवर त्यांचं काम पडतं, हे चुकीचंच आहे आणि त्यांना तसं सांगितलं पाहिजे. पण नोटीस न देण्याची भरपाई करारात लिहिलेली असते, तेवढ्या दिवसांचा पगार कापता येतो, वसुलीचा दावा लावता येतो. न्यायालयं याबाबतीत मालकाच्या विरुद्ध आहेत असंही नाही. निरंजन शंकर गोलिकरी हे कल्याणच्या सेंच्युरीच्या टायर कॉर्ड कारखान्यात पाळी-पर्यवेक्षक होते. पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू घेतली. कराराची मुदत चालू असेपर्यंत तसल्या कामात दुसरीकडे जाता येणार नाही, असा तो निकाल. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल घेतलेली दोन लाखांची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. दोन्ही निकाल नोकरी सोडणाऱ्याच्या विरुद्ध गेले, आणि दोन्ही मी इथे मुद्दाम सांगतो आहे. मालकाच्या हातात रीतसर उपाय आहेत. करार दाखवावा, रक्कम मागावी, न्यायाधीशापुढे जावं. तिथे मुलालाही त्याची बाजू मांडता येते.

दाखला अडवणं म्हणजे हा सगळा रस्ता टाळून स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच वसुली अधिकारी होणं आहे. शिक्षेला मुदत नाही, अपील नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने कुणालाही त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवला आहे. नोकरी संपल्यावर 'तू अमक्याकडे जायचं नाहीस' असं कितीही जाड अक्षरांत लिहून घेतलं तरी ते कोर्टात टिकत नाही. जे करारात लिहून मिळवता येत नाही ते कागद अडवून मिळवायचं, हा या पद्धतीचा गाभा आहे. मुलगी कुठेही जाऊ शकत नाही, आणि तिला कुणी अडवलं असं दाखवायला एक ओळही मागे राहत नाही.

हीच वृत्ती या शहरात आणखी एका ठिकाणी आहे. हैदराबादच्या भोवतालच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांतले शिक्षक वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत की रुजू होताना त्यांची मूळ पदवी-प्रमाणपत्रं संस्था ठेवून घेते आणि सोडताना परत देत नाही. तिथे पदवी अडते, इथे अनुभव. जातं कुणाचं का असेना, पीठ माणसाचंच होतं.

मला या शहराचा एक जुना इतिहास त्या गृहस्थांना सांगावासा वाटतो. बालानगरला आयडीपीएलचा सरकारी औषध कारखाना होता. तिथे १९६९ पासून काही वर्षं नोकरी केलेले एक रसायनतज्ज्ञ बाहेर पडले, आणखी दोन कंपन्या उभ्या करण्यात त्यांचा हात लागला आणि १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ते अंजी रेड्डी. त्यांच्याबरोबर काम केलेले मुरली दिवी बाहेर पडले आणि १९९० मध्ये दिवीज ही त्यांची कंपनी उभी राहिली. आयडीपीएलमध्ये हात तयार झालेले असे कितीतरी लोक जीडीमेटला आणि पाशमैलारम या भागांत पसरले. आज हैदराबादला औषधांची राजधानी म्हणतात ती नोकरी सोडून गेलेल्या माणसांनी उभी केली आहे. माणसं अडवून ठेवली असती तर आयडीपीएलचा फायदा झाला नसताच, तो कारखाना पुढे आजारी पडलाच, पण या शहराचं मात्र कायमचं नुकसान झालं असतं.

जपानमध्ये १९४७ चा श्रममान कायदा आहे. त्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे सोडून जाणाऱ्याने मागितलं की नोकरीचा काळ, कामाचं स्वरूप, हुद्दा, पगार, सोडण्याचं कारण यांचा दाखला मालकाने विनाविलंब द्यायचा. आणि त्याने जे मागितलं नाही ते त्यात लिहायचं नाही! मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची तरतूद. दाखल्यात गुप्त खुणा करायला तिथे बंदी आहे. मालक काय काय करू शकतो ते त्या कायदा करणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. जर्मनीत तर कामाच्या आणि वागणुकीच्या मूल्यमापनासह दाखला मागण्याचा हक्क आहे. तिथे त्याचा एक वाईट परिणामही झाला. वाईट लिहायचं नाही म्हणून मालकांनी स्तुतीची सांकेतिक भाषा बनवली. 'नेहमीच आमच्या संपूर्ण समाधानाप्रमाणे' म्हणजे चांगला, आणि नुसतं 'समाधानाप्रमाणे' म्हणजे जेमतेम. म्हणूनच मी सक्तीच्या शिफारशीची मागणी करत नाही. तारखा आणि हुद्दा, एवढंच मागतो.

आपल्याकडे कायदा नाही, हे त्यांचं शेवटचं अस्त्र होतं. त्या फराळानंतर महिन्याभरात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चारही कामगार संहिता लागू झाल्या. आता प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. आत येण्याचा कागद सक्तीचा झाला, हिशेबाला मुदत आली, हे फार चांगलं झालं. पण स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती उरली आहे. पूर्वी ती शंभरांना लागू होती. म्हणजे ज्या कलमावर आमच्या साहेबांनी बोट ठेवलं, त्याच्या छायेतली माणसं कमी झाली. माधापूर-कोंडापूरच्या लहानमोठ्या कंपन्यांत काम करणारी मुलं तर स्वतःला कामगार म्हणवून घ्यायलाच लाजतात. कामगार म्हणजे हातोडा आणि निळा डगला, असं त्यांना वाटतं. बाळांनो, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, दुसऱ्याच्या यंत्रावर, महिन्याच्या पगारावर जो राबतो तो कामगारच, मग यंत्र लेथ असो की लॅपटॉप. पुण्याच्या नाइट्ससारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना कामगार मंत्रालयापर्यंत तक्रारी नेतात, ते तुमच्याचसाठी.

आणि कायदा करणं अवघड आहे असंही नाही, शाळेपुरता तो आपण केलेला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आपल्या आईबापांनी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर किती वेळ काढला, ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवतं. फी थकली, दाखला नाही. वर्गणी दिली नाही, दाखला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ते मोडून काढलं. दाखला लगेच द्यायचा, दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. सहा वर्षांच्या पोराला आपण जे दिलं ते सव्वीस वर्षांच्या पोराला द्यायला काय हरकत आहे? नव्या मालकालाही हेच बंधन हवं, की जुन्याने उत्तर दिलं नाही म्हणून ऑफर मागे घेता येणार नाही. पडताळायला उमेदवाराचा फॉर्म १६ आहे, पगार जमा झाल्याचं बँकेचं पासबुक आहे, पीएफची नोंद आहे.

पीएफचं उदाहरण तर हातात आहे. यूएएन हा कायमचा पीएफ नंबर आल्यावरही नोकरी सोडल्याची तारीख फक्त मालकच भरू शकायचा, आणि ती न भरून हजारोंचे पैसे अडकायचे. २०२० च्या जानेवारीत ईपीएफओने ती सोय सभासदाला दिली. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की तारीख आपली आपण भरता येते. कुठल्याही कंपनीचं त्यात दिवाळं निघालं नाही. एक अडवणूक होती, सरकारने चावी मालकाच्या हातातून काढून घेतली, संपलं.

कागदाचं मोल त्या पोरांना अजून कळलेलं नाही, कारण त्यांचं वय लहान आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जे गिरणीच्या पटावर होते त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घर मिळायचं ठरलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. मग पात्रतेसाठी पुरावे मागितले गेले. तिकीट नंबर, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, पीएफचा नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट. गिरण्या बंद, ऑफिसं पाडलेली, जिथे मस्टरं होती तिथे काचेचे मनोरे. लालबागला आमच्या आईच्या मावसभावाने रात्रपाळीत बावीस वर्षं घातली. त्याच्या विधवेने पत्र्याच्या ट्रंकेतून एक फाटकं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं, त्यावर नंबराचे शेवटचे दोन आकडे पाण्याने गेले होते. ती मला विचारत होती, "भाऊ, तू टाइम ऑफिसात होतास ना? तुला वाचता येतील का?" मला ते वाचता आले नाहीत.

म्हणून परवा आमच्याच इमारतीतला, उदगीरचा एक मुलगा त्याच्या कंपनीने सहा महिने अडवलेल्या पत्राचं रडगाणं घेऊन आला, तेव्हा मी त्याला बसवलं आणि पाठ असलेला जुना मसुदा उलटा करून अर्ज लिहून दिला. मला शिफारस नको. माझ्या कामाबद्दल आपलं मत नको. मी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आपल्याकडे अमुक हुद्द्यावर होतो, एवढं लिहून सही-शिक्क्यानिशी सात दिवसांत द्यावं, आणि पडताळणीसाठी विचारणा आल्यास तेवढंच उत्तर द्यावं. त्याने तारखा सांगितल्या. मी त्या त्याच्या नेमणूकपत्रावरून आणि पीएफच्या नोंदीवरून पडताळल्या आणि त्याला मोठ्याने वाचायला लावल्या. एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली. एक प्रत कंपनीला स्पीड पोस्टाने गेली, दुसरी कामगार कार्यालयात द्यायची आहे. सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.